अर्धं सांगून मागितलेला कौल

मालवण,
४ नोव्हेंबर

अजयबाब,

माझा भाऊ सॅविओ तुमच्या जहाजावर किचन सांभाळतो. त्याच्या शब्दावर तुम्ही तुमच्या आईचं काम माझ्यावर सोपवलंत, त्याबद्दल आभार. तुमचा फोन दर दोन वाक्यांनी तुटतो, म्हणून हा ई-मेल. तसाही माझा नियम आहे की कामाचं सगळं लिहूनच ठेवायचं. फोनवर झालेलं बोलणं प्रत्येक जण आपापल्या सोयीने लक्षात ठेवतो.

आधी मी कोण ते सांगते, कारण आचऱ्याला तुमच्या दारात पाय ठेवल्याबरोबर तुमच्या हरीकाकांनी विचारलं, “खंयच्या हॉस्पिटलाच्या तुम्ही?” मी कुठल्याच हॉस्पिटलची नाही. पूर्वी नर्स होते, ती नोकरी सोडली. आता पेशंटच्या बाजूने उभी राहते. डॉक्टर काय म्हणाले ते पेशंटला कळेल अशा भाषेत सांगते, पेशंटच्या मनात काय आहे ते डॉक्टरला ऐकायला लावते, उगाच घाई करणाऱ्याला थांबवते आणि टाळाटाळ करणाऱ्याला हलवते. लोक मला रुग्णमित्र म्हणतात. काही डॉक्टर मला आणखी बरंच काही म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

तुमच्या आई सुगंधाकाकी मागीलदारी पिठीसाठी कुळीथ भाजत होत्या. मला बघून उलथणं खाली न ठेवताच म्हणाल्या, “मालवणसून इलंस? माज्या झिलान धाडल्यान तुका? बस. पण काय गो बाय, साधी गाठ काढूची तर येवढी माणसां कित्या?” मी तुमच्या बायकोकडे पाहिलं. विनीता चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

रिपोर्ट मी वाचला. काकांनी तो खिशातून काढून मला घराच्या कडेला नेऊन दाखवला, जणू काही चोरीचा माल. स्तनाचा कॅन्सर आहे. अजून पसरलेला दिसत नाही, आणि ऑपरेशन लवकर झालं तर बरं होण्याची चांगली आशा आहे असं गोव्याच्या डॉक्टरांचं मत आहे. फक्त लवकर म्हणजे खरोखरच लवकर.

म्हणून एकच प्रश्न विचारते. काकींना हे कोण सांगणार, आणि कधी?

तुमची,
मेल्विना ब्रिटो


जहाजावरून,
७ नोव्हेंबर

मेल्विनाबाय,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आईला हे कोणीही सांगायचं नाही. कधीच नाही.

तुम्ही आमच्या घरच्या नाही, म्हणून बाबांचं सांगतो. त्यांना डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. मी तेव्हा सुट्टीवर होतो, शेजारीच उभा होतो. घरी आले ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर ते कोणाशी धड बोलले नाहीत, धड जेवले नाहीत, आणि पाऊस उघडायच्या आत गेले. माणसं म्हणतात रोगाने गेले. मी म्हणतो त्या एका शब्दाने गेले. तो शब्द मी आईच्या कानावर पडू देणार नाही.

आई वरून कितीही फटकळ दिसली तरी आतून फार हळवी आहे. मी जहाजावर चढताना ती पाठमोरी होऊन भांडी घासत बसते, कारण तिला तोंड दाखवायचं नसतं. अशा बाईला तुम्ही कॅन्सर म्हणून सांगणार?

तुमचं काम एवढंच समजा. तिला गोव्याला न्या, गाठ काढून घ्या, सही लागेल तिथे सही घ्या आणि सुखरूप घरी आणा. डॉक्टरांना काका आधीच बजावून ठेवतील. तुम्हाला खोटं बोला असं मी म्हणत नाही. फक्त अर्धं सांगा.

मला मार्चपर्यंत येता येत नाही. इथे इंजिनाच्या आवाजात माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही, पण आईचा विचार मात्र सतत येतो. एवढं माझ्यासाठी करा.

अजय


मालवण,
१२ नोव्हेंबर

अजयबाब,

तुमच्या बाबांचं वाचून खरंच वाईट वाटलं. तुमची भीती मला कळते. तरीही मी अर्धं सांगणार नाही.

आता इथे काय झालंय ते वाचा. मी ऑपरेशनची तारीख घेऊन आचऱ्याला गेले. काकींनी ती ऐकूनसुद्धा घेतली नाही. म्हणाल्या, “साध्या गाठीक घाय कसली? गावपळण तोंडार इली. कोंबडी, गुरां, भांडीकुंडी घेऊन आख्खो गाव वेशीभायर ऱ्हवाक जातलो, आणि मी गोव्यात खाटीर पडान ऱ्हवू? गावपळण होवंदे. मगे जत्रा. मगे बघू तुझी गाठ.” वर मला खायला घातलं आणि पिठीची पिशवी हातात दिली.

त्यांचं काय चुकलं ते मला सांगा. तुम्ही सगळे साधी गाठ म्हणालात, त्यांनी ती साधी मानली. साध्या गाठीसाठी कोणी गावपळण चुकवत नाही. तुम्हाला वाटतंय तुम्ही आईला त्या शब्दापासून वाचवताय. तुम्ही तिला ऑपरेशनपासून वाचवताय!

दुसरी गोष्ट कौलाची. हरीकाका देवळात गेले, विनीता आणि मी बाहेर थांबलो. देवाला पाकळ्या लावल्या. वहिनीला गोव्याला न्यायचं आहे, तुझी परवानगी आहे का, असं काकांनी विचारलं. गुरवाने विचारलं कशासाठी, तर काका म्हणाले, “जरा तब्येत दाखवूक.” आजूबाजूला वाडीतली माणसं उभी होती, त्यांच्यासमोर रोगाचं नाव कसं घ्यायचं? पाकळी डाव्या बाजूची पडली. देवाने नाही म्हटलं. तेव्हापासून काका गोव्याचं नाव काढलं की घाम पुसतात.

कौलाबद्दल मी ख्रिस्ती बाईने बोलू नये, आणि बोलतही नाही. माझी आई चर्चला जाता जाता तुमच्या देवाला नारळ ठेवून जायची, त्यामुळे टिंगल करण्याची माझी हिंमत नाही. पण डॉक्टरला वेळ हवाय, काकींना गावपळण हवी आहे आणि काकांना देव नको म्हणतोय. या सगळ्याच्या मुळाशी तुमचं ते अर्धं सांगणं आहे.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट लिहिते. तुम्ही मला नेमलंत, पण माझी पेशंट तुम्ही नाही. मी तुमच्या मागून जाऊन आपणहून सांगणार नाही, कारण ते सांगायचा पहिला हक्क तुमचा आहे. फोन करा. अडखळा, रडा, पण तुम्हीच सांगा. मात्र त्यांनी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि कशासाठी सही करतोय हे ठाऊक नसलेल्या माणसाची सही मी आजवर कोणाकडून घेतलेली नाही, तुमच्या आईकडूनही घेणार नाही. तुम्ही रागवा, मला चालेल.

मेल्विना


जहाजावरून,
१५ नोव्हेंबर

मेल्विना मॅडम,

तुम्हाला मी नेमलं होतं, आईने नाही. आजपासून तुमचं काम संपलं. यापुढे तुम्ही आमच्या घरात पाऊल टाकू नये. तसं काकांना आणि विनीताला कळवलं आहे.

आईला काय सांगायचं आणि काय नाही हे तिच्या मुलाला कळतं. सॅविओला यातलं काही बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका.

अजय आचरेकर


मालवण,
१६ डिसेंबर

श्री. अजय आचरेकर,

तुम्ही मला काढून टाकलंत, ते मी मानलं. महिनाभर आचऱ्याच्या वाटेलाही गेले नाही. घरात पाऊल टाकू नये असं तुम्ही लिहिलं होतं, आणि तुमच्या घरात मी अजूनही पाऊल टाकलेलं नाही. घर रिकामं आहे. कुलूपसुद्धा मी पाहिलेलं नाही. तुमची आई सगळ्या गावाबरोबर वेशीबाहेर माडाच्या चुडतांच्या खोपीत राहते आहे, आणि तिथे तिने मला बोलावून घेतलं.

काल विनीताचा फोन आला. “आये म्हणतत, त्या मालवणच्या बायेक हाड. आताच्या आता.” मी गेले. रानात खोपीला खोप लागलेली, कुठे भजन चाललेलं, कुठे मासे तळलेले, पोरं आणि कोंबड्या एकत्रच पळत होत्या. त्यात काकी चुलीजवळ हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मी त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मला समोर बसवून म्हणाल्या, “बघ गो, माका कोण भांडा उचलूक देणा नाय. पाण्याक गेलंय तर कळशी काढून घेतत. आणि आज सकाळी त्या जानकीन माका पेज हाडून दिल्यान. आमच्या बांधावरची जानकी! सून घरात इल्यापासून माज्याशी बोलाक नाय ती. तिणा माका पेज दिल्यान आणि डोळे पुसल्यान. तेव्हाच माका समाजला. माणूस मरूक लागल्याशिवाय जानकी कोणाक पेज देवची नाय. आता तू खरा सांग. माजी गाठ साधी आसा?”

विनीता माझ्याकडे पाहत राहिली. तिने मला थांबवलं नाही, एवढं तिच्या बाजूने लिहिते.

मी सांगितलं, “नाय, काकी. कॅन्सर आसा.” मग सगळंच सांगितलं. कुठे आहे, किती आहे, ऑपरेशनने काय होईल, काय जाईल, उशीर झाला तर काय. त्या चुलीतलं लाकूड पुढे सारत ऐकत होत्या. मधे एकदाच म्हणाल्या, “हळू सांग. माका समाजूक होया.” माझं बोलणं झाल्यावर त्यांनी विचारलं, “ह्या कोणाकोणाक म्हायत आसा?”

मी म्हटलं, मला वाटतं सगळ्यांनाच.

अजयबाब, तुम्ही ज्याला घाबरत होता ते तेव्हा झालं नाही. रोगाचं ऐकून त्या कोसळल्या नाहीत. पण आख्ख्या वाडीला ठाऊक होतं आणि आपल्याला नव्हतं, हे ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हाक मारली ती पलीकडच्या भजनापर्यंत गेली असेल. “भावोजी! हंय येवा!”

हरीकाका आले. काकी उभ्या राहिल्या. “देवाक काय विचारलात तुम्ही?” काका म्हणाले, “तुमका गोव्याक न्हेऊ काय म्हणान विचारलंय.” “कशाक न्हेतास ता सांगलात?” काका खाली बघायला लागले. “तब्येत दाखवूक म्हणान सांगलंय.”

“देवाक अर्धा सांगलात, आणि तेच्याकडसून कौल पुरो मागलात?” एवढ्यात माणसं जमा झालेली. काका कसेबसे म्हणाले, गाव परत भरला की दुसऱ्यांदा कौल लावू, या वेळी सगळं सांगू. काकी म्हणाल्या, “देवाक कित्याक त्रास? तेना दिलेला आंग माजा आसा. हेचो कौल मी देतंय. उजवो!”

कोणीतरी म्हातारा म्हणाला की गावपळण चालू असताना असं निघून जाणं बरं नव्हे. तुमच्या आईने त्याला विचारलं, “गावपळणीत काय करूक होया? गावाभायर ऱ्हवाक होया मां? गोवा काय गावात आसा?” यावर पहिली हसली ती जानकी. मग सगळे हसले, काकासुद्धा. मला मात्र हसता हसता रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पिशवी भरता भरता त्यांनी मला विचारलं, “तुका ह्या येळेक कोणी ठेवल्यान?” मी म्हटलं कोणी नाही, मला काढून टाकलंय. म्हणाल्या, “बरा केल्यान. आता मी ठेवतंय.”

तेव्हा हे पत्र तुम्ही नेमलेल्या बाईचं नाही, सुगंधा आचरेकर यांच्या रुग्णमित्राचं आहे. आम्ही उद्या पहाटे निघतो, विनीता सोबत आहे. काकींनी परवानगी दिली म्हणून इतकं कळवलं. यापुढे त्यांच्या आजाराचं काहीही हवं असेल तर आधी त्यांना विचारा. त्यांनी सांग म्हटलं तर मी सांगेन, नको म्हटलं तर तुम्ही मुलगा असलात तरी एक अक्षर सांगणार नाही.

मेल्विना ब्रिटो


जहाजावरून,
१७ डिसेंबर

मेल्विनाबाय,

तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. ते पुसून टाकलं. त्यात जे होतं ते तुमच्यासारख्या बाईला लिहू नये.

मला फक्त एवढंच सांगा. ती जेवते का? बोलते का? भिंतीकडे तोंड करून झोपत नाही ना? विनीताचा फोन लागत नाही, काका फोनवर नुसते रडतात. माझा जीव थाऱ्यावर नाही. सॅविओ माझ्या वाटणीची ड्यूटीसुद्धा करू बघतोय आणि त्याला त्यातलं काही येत नाही.

तिला विचारल्याशिवाय सांगणार नाही म्हणालात ना? मग विचारा. अजय विचारतोय म्हणून सांगा. पाया पडतो.

अजय


गोवा,
२४ डिसेंबर

अजयबाब,

विचारलं. काकी म्हणाल्या की तू सांगू नकोस, मी सांगते. त्या बोलल्या तसंच लिहिते आहे, एकही शब्द सुधारलेला नाही.

मेल्विना

झिला,

जेवतंय. हंयची आमटी पाण्यासारखी आसा म्हणान वाढपिणीशी भांडलंय. विनीतान भायरसून माशांचा तिकला आणून दिल्यान तेव्हा खंय जीव शांत झालो. भिंतीकडे तोंड करूक माका वेळ नाय. बाजूच्या खाटीर कसालची एक बाय आसा, तिका सकाळपासून समजावतंय की डॉक्टराक विचार, भिया नको.

ऑपरेशन झाला. एक बाजू गेली. पयल्यांदा पट्टी सोडल्यानी तेव्हा मी बघलंय, आणि रडलंय. मेल्विनाचो हात धरून रडलंय. तुका पाजलेला आंग ता, वाईट वाटतला नाय तर काय? पण मी बघून रडलंय, न बघता नाय.

ऑपरेशनाच्या आदी डॉक्टर इलो आणि मेल्विनाकडे बघून सांगूक लागलो, ‘ह्यांना असं करू, ह्यांना तसं करू.’ तुझ्या काकान तेका काय शिकवल्यान होता देव जाणा. मी म्हटलंय, “डॉक्टर, हकडे बघा. रोग माका आसा.” मगे तो खुर्ची घेऊन माज्यासमोर बसलो. बरो माणूस आसा, तेका कोणी तसा सांगूक नव्हता. आता आणखी औषध देतले. केस जातले, ओकाऱ्यो येतल्यो. मी विचारलंय, मी जगतलंय काय? तो म्हणालो, “आशा चांगली आहे, पण खात्री देता येत नाही.” येवढ्या माणसांत तोच एक माका तोंडार नाय म्हायत म्हणालो. तेव्हा माका बरा वाटला.

तू मेल्विनाक तुझ्या बापाशीचा लिवलंस. तिणा आपणहून माका सांगूक नाय, मीच विचारून काढलंय, तू असो कित्या वागलंस म्हणान. झिला, तुझो बापूस सांगल्यामुळे गेलो नाय. रक्त पडत होता ता तेणा आमच्यापासून लपवल्यान. माका नाय, तुका नाय. तू तेव्हा जहाजार होतंस, तुका काळजी नको म्हणान. तू सुट्टीर इल्यार डॉक्टराकडे गेलो, तेव्हा करूसारखा काय उरलेला नव्हता. भिंतीकडे तोंड तेणा रोगाक भियान करूक नाय. आमच्याकडे बघूची तेका लाज वाटत होती. ह्या मी तुका तेव्हाच सांगूक होया होता, पण तू तेच्यावर येवढो रडलंस की माज्यान बोलवला नाय.

म्हणान सांगतंय, आता आपल्या घरात ह्या बंद. तू भियालंस ता माका कळता. भी. पण तुझा भिणा तू तुझ्या नावान भी, माज्या नावार घालू नको. माज्या रोगाचा माका पयला कळाक होया, मगे माका होया तेका मी सांगान. जानकीक मीच फोन करून सांगलंय, दोन घंटे बोलली. आता माज्यापेक्षा जास्त तिका म्हायत आसा.

मार्चात तू येशीत तेव्हा माज्या डोक्यार केस नसतले. आंगात जीव किती आसात ता माका म्हायत नाय. दारात तोंड फिरव नको. हसाचा सोंगय करू नको. सरळ आत ये, माज्यासमोर बस, आणि रडूचा आसात तर माज्याकडे बघून रड. माज्या पाठसून कोणी रडलेला माका यापुढे चलाचा नाय.

तुझी आवस,
सुगंधा